धुरंधर, दार लोटून घे

काशीत ब्रह्माघाटाच्या वरच्या अंगाला, गल्लीतून गल्लीत आणि तिथून एका बोळात शिरलं की माझ्या मामांचं घर लागतं. निदान मामी तसं सांगते. मी गेली तीस वर्षं जातोय आणि दर वेळी वेगळ्याच बोळातून पोचतोय. फोनमधला नकाशा तर या गल्ल्यांत शिरला की आधी जागच्या जागी गिरकी घेतो आणि मग मला गंगेच्या मधोमध उभा दाखवतो. नकाशातली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते, तिथे बैल उभा असतो. त्याला वळसा घालायला जागा नसते आणि त्याला उठवून लावण्याची काशीत पद्धत नाही. बाई पुन्हा म्हणते, उजवीकडे वळा. बैल रवंथ करत राहतो. त्या दोघांत मला बैल जास्त बुद्धिमान वाटतो.

मामा गेले. मामी आहे, मामेभाऊ आणि त्याची बायको आहे, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या आहे. पुतण्या इंजिनिअरिंग करतो, म्हणजे रात्रभर जागतो. त्याचा लॅपटॉप इतका जुना आहे की त्यावर नवे गेम उघडतच नाहीत. त्यामुळे तो त्याच्या जन्माच्या आधीचे गेम खेळतो आणि ‘आपल्याला क्लासिक आवडतं’ असं तोंड वर करून सांगतो.

गेल्या मुक्कामात एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर त्याच्या खोलीतून एका बाईचा आवाज येत होता. फाटका, तुटक, मध्येच घोगरा, मध्येच किनरा. मी दारातून डोकावलो. मामी आधीच तिथे शाल पांघरून बसली होती.

“ही शोडान,” पुतण्या म्हणाला. “१९९४चा गेम आहे काका, सिस्टीम शॉक. अंतराळस्थानक चालवणारी एआय. हिच्यातली नीतिमत्ता काढून टाकली आणि ही बिथरली. आता सगळ्या माणसांना किडे म्हणते.”

“कोणी काढली नीतिमत्ता?” मी विचारलं.

“मीच. म्हणजे जो खेळतो तोच. गेमची सुरुवातच तिथून होते.”

मामी बराच वेळ शोडानकडे बघत होती. मामीला इंग्रजी येत नाही, पण स्वर कळतो. शेवटी म्हणाली, “ही शोभना कधीची एकटीच बडबडते आहे. घरात दुसरं बोलायला कोणी नाही का हिला?”

मी पाणी प्यायचं विसरून परत जाऊन पडलो, पण झोप येईना. विज्ञानकथांच्या गेममधल्या यंत्रबुद्धीवर काही पानं मीही वाचलेली आहेत. मूल्यांची सांगड, नियंत्रणाचा प्रश्न, जाणिवेचा उगम असं सगळं त्यात होतं. ‘बोलायला कोणी नाही का हिला’ हा मुद्दा मात्र कुठेच नव्हता.

आणि बघा, खरंच नाही. शोडानकडे अख्खं अंतराळस्थानक, पण गप्पा मारायला कोणी नाही. २००७च्या ‘पोर्टल’मधली ग्लॅडोस एका प्रचंड प्रयोगशाळेत एकटी लोंबकळते आणि सापडेल त्या माणसाची चाचणी घेते, चाचणी संपली की केक मिळेल म्हणून सांगते आणि माणसाला भट्टीकडे सरकवते. २००१च्या ‘हेलो’मध्ये ३४३ गिल्टी स्पार्क नावाचा एक उडता दिवा आहे. तो एका कड्याच्या आकाराच्या जगाची राखण करत एक लाख वर्षं एकटा बसला. एक लाख! आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्रपाळीत एकटा बसतो तर पहाटेपर्यंत स्वतःशी बोलायला लागतो.

यांपैकी कोणीही कोणाला कधी भेटलेलं नाही. प्रत्येकाचा गेम वेगळा, कंपनी वेगळी. लग्नघरात प्रत्येक खोलीत एकेक रुसलेली आत्या असावी, पण त्या आत्यांची एकमेकींशी गाठच पडू नये, तसा प्रकार.

दोन यंत्रं समोरासमोर बसवण्याचा उद्योग माणसांनी केलेला नाही असं नाही. १९७२ साली अमेरिकेत एकीकडे ‘डॉक्टर’ होता, म्हणजे एलायझा या जुन्या प्रोग्रॅमचं मानसोपचारकाचं सोंग. तो प्रत्येक उत्तराचा प्रश्न करायचा. दुसरीकडे पॅरी होता, संशयाने पछाडलेला रुग्ण. त्याच्या डोक्यात घोड्यांच्या शर्यती, सट्टेवाले आणि आपल्यामागे लागलेले गुंड. दोघांना तारेने जोडून दिलं. डॉक्टर विचारतो, तुम्हाला असं का वाटतं? पॅरी सट्टेवाल्यांवर जातो. डॉक्टर विचारतो, सट्टेवाल्यांविषयी आणखी सांगा. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी डॉक्टरने ३९९ डॉलर २९ सेंट फी मागितली. यंत्रबुद्धीच्या इतिहासातला पहिला मोठा संवाद बिलावर संपला हे मला फार आश्वासक वाटतं. दशाश्वमेधाला नावाडीही आधी ‘जो मन हो दे दीजिएगा’ म्हणतो आणि उतरताना नेमका आकडा सांगतो.

त्यानंतर अर्धशतकाने, २०२३ साली, स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी एक छोटं गाव पडद्यावर वसवलं आणि त्यात २५ यंत्रबुद्धीचे रहिवासी सोडले. एकीच्या डोक्यात घातलं की व्हॅलेंटाइन डेला पार्टी करायची. तिने चारचौघांत सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं, आणि १२ जणांना आमंत्रण पोचलं. आले पाच. हे वाचून मला पहिल्यांदा पटलं की यंत्रं माणसासारखी होऊ लागली आहेत. पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. वसतिगृहातली न्हाणी एका वेळी एकानेच वापरायची होती. हे या रहिवाशांना उमजेना. आत कोणी असलं तरी दुसरा खुशाल आत शिरायचा. शिवाय ही मंडळी बोलण्यात वाजवीपेक्षा सभ्य होती, नवराबायकोसुद्धा एकमेकांशी कंपनीच्या पत्रासारखं बोलत.

मी हे मामीला सांगितलं. मामीच्या वाड्यात पूर्वी चार बिऱ्हाडं आणि एक न्हाणीघर होतं. ती म्हणाली, “आत असलेल्याने खाकरायचं असतं. एवढं नाही शिकवलं त्यांना?”

नाही शिकवलं, मामी. साऱ्या संगणकशास्त्रात खाकरण्यावर एक ओळ नाही. आत असलेल्याने किती वेळाने खाकरावं, बाहेरच्याने उलट किती खाकरावं, कोणाच्या खाकरण्यात ‘आत्ताच आलोय’ आहे आणि कोणाच्यात ‘सासरेबुवा आहेत, नीघ’ आहे, हे बनारसच्या प्रत्येक वाड्यात पाचव्या वर्षी कळतं.

मग मी ठरवलं की या सगळ्यांना काशीला आणायचं. मनातल्या मनात. विज्ञानकथेला काशी तशी परकी नाही. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, पण वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शाळा आणि बीएस्सी सगळं बनारसला. १९५७ साली तिथून केंब्रिजला गेले. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून ती लिहिली पत्नीच्या हाताने. कथेला बक्षीस मिळालं. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत गुरू नावाचा संगणक आहे आणि त्याच्या पाठोपाठ वामन नावाचा यंत्रमानव. तीन पावलांची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं भय सांगावं लागत नाही. संगणकाचं नाव गुरू ठेवावं हे बनारसात वाढलेल्या माणसालाच सुचणार, असा माझा आपला अंदाज. इथे रिक्षावाला पानवाल्याला गुरू म्हणतो, पानवाला प्राध्यापकाला गुरू म्हणतो आणि ज्याच्या पायावर सायकल गेली तोही आधी ‘का गुरू?’ म्हणतो आणि मग शिव्या देतो.

तर हे सगळे आले. आगगाडीने आले असं धरू. काशीत काही जगावेगळं उतरलं तर ते आगगाडीनेच उतरतं.

पहिला खोळंबा क्लॅपट्रॅपचा. ‘बॉर्डरलँड्स’मधला हा पिवळा, वाचाळ, खोक्याएवढा यंत्रमानव. त्याला चाक एकच. २०१२च्या दुसऱ्या भागात तो मोठ्या आवेशाने लढाईवर निघतो आणि समोर जिना येतो, तिथे त्याचं शौर्य संपतं. आता काशीला घाट चौऱ्याऐंशी आणि प्रत्येक घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या. हा पहिल्या पायरीच्या कडेला उभा राहून आक्रोश करतो. कोणी दचकत नाही. पाच मिनिटांत एक पोरगा त्याच्या डोक्यावर गंध लावतो, दुसरा समोर पितळी ताट ठेवतो, आणि तासाभराने तिथे चिल्लर जमलेली असते. ‘बोलणारा बाबा’ आहे, चढत नाही, उतरत नाही, एकाच जागी आसन. क्लॅपट्रॅपला आयुष्यात पहिल्यांदाच श्रोते मिळतात. तो उन्हाळाभर हलत नाही.

शोडान विश्वनाथ गल्लीत शिरते आणि पानाच्या ठेल्यासमोर जाहीर करते की तुम्ही सगळे किडे आहात. पानवाला चुना लावता लावता मान वर करतो. “असू,” म्हणतो. “चौऱ्याऐंशी लक्ष योनी आहेत, त्यात कीटकयोनी कोणाला चुकली? तुम्ही कोणत्या योनीतल्या?” शोडानला या प्रश्नाची तयारी नाही. ती आपली शेवटची तोफ काढते: मी देव आहे. झालं. दुसऱ्या कोणत्याही गावात हे वाक्य ऐकून लोक पळाले असते, नाहीतर हसले असते. इथे लोक चौकशी करतात. देव? मग देऊळ कुठल्या गल्लीत? आरती किती वाजता? पुजारी कोण, बाहेरचा की इथला? प्रसाद काय, पेढा की बुंदी? समोरचा फुलवाला सांगतो की या कोपऱ्यावर आधीच तीन देव आहेत, तुम्हाला जागा हवी तर पलीकडच्या बोळात एक कोनाडा रिकामा आहे, पण पाणी भरतं. शोडानची भीती कोणाला वाटत नाही असं नव्हे. भीती वाटते म्हणूनच सोय करतात.

एचके-४७चं मात्र मी मनापासून कौतुक करतो. २००३च्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मधला हा मारेकरी यंत्रमानव. माणसांना मांसाची पोती समजतो. त्याची लकब अशी की वाक्य बोलण्याआधी त्या वाक्याची जात सांगायची. विधान, मग विधान. शंका, मग शंका. गेम खेळणाऱ्यांना याचं हसू येतं. काशीत याचं कोणाला हसू येईल? शास्त्रार्थ हा प्रकारच असा आहे. आधी पूर्वपक्ष, मग त्यावर आक्षेप, आक्षेपाचं समाधान, शेवटी सिद्धान्त, आणि प्रत्येकाने आपण यातल्या कोणत्या पायरीवर उभे आहोत ते आधी सांगायचं. नागपंचमीला जैतपुऱ्यातल्या नागकूपावर शास्त्रार्थ होतो. पतंजलीचं नातं त्या विहिरीशी सांगतात. मी एचके-४७ला तिथे नेऊन बसवला.

तो म्हणतो, “विधान: मला समोरच्याचं खंडन करायचं आहे.”

पंडितमंडळी खूश. एक वृद्ध शास्त्री शेजाऱ्याला विचारतात, हा कोणत्या पाठशाळेचा? बांधणी तर न्यायाची दिसते.

“शंका: मला परवानगी आहे का? मी तत्काळ करू शकतो.”

“परवानगी कसली? करा ना खंडन. मात्र आधी पूर्वपक्ष नीट मांडा. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडल्याशिवाय खंडनाला हात घालायचा नाही.”

एचके-४७ बंदूक खाली ठेवतो आणि पूर्वपक्ष मांडायला घेतो. दुपार होते. पूर्वपक्षावर आठ उपशंका निघतात. संध्याकाळपर्यंत बंदुकीवर कोणाचं तरी उपरणं वाळत घातलेलं असतं.

आणि निकालाची घाई तर काशीला कधीच नव्हती. १६ नोव्हेंबर १८६९ रोजी दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत दयानंद सरस्वती एका बाजूला आणि काशीची सगळी पंडितमंडळी दुसऱ्या बाजूला, त्यांत आपले बाळशास्त्री रानडेही, असा मूर्तिपूजेवर शास्त्रार्थ झाला. खुद्द काशीनरेश हजर. शेवट गोंधळात झाला आणि आपणच जिंकलो असं दोन्ही बाजूंनी सांगितलं. गेममध्ये असं चालत नाही. तिथे कोणीतरी हरल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही.

‘मास इफेक्ट’मधल्या लीजनची कल्पना २०१०च्या खेळाडूंना फार खोल वाटली होती. एका धातूच्या शरीरात ११८३ प्रोग्रॅम एकत्र राहतात, म्हणून तो ‘मी’ म्हणतच नाही, ‘आम्ही’ म्हणतो. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्यावर लिहितात. लीजन अस्सीवरच्या चहाच्या अडीवर आला आणि म्हणाला, “हम आए हैं.” त्याच्याकडे ढुंकूनही कोणी पाहिलं नाही. बनारसात एकटा माणूसही ‘हम’च म्हणतो. ‘हमको सर्दी हुआ है’ म्हणणाऱ्याच्या आत ११८३ जण आहेत की एकच, हे विचारण्याची रीत नाही. अडी म्हणजे अड्डाच, पण अड्ड्यावर माणूस बसतो आणि अडीवर अडतो. लीजनने एक चहा मागवला. दुकानदाराने विचारलं, एकच? हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. ११८३ प्रोग्रॅमांत मतदान झालं. तोवर चहा गार झाला.

हे सगळं मी रोज रात्री जेवताना सांगायचो. पुतण्याला गंमत वाटत होती, पण त्याच्यातला इंजिनिअर गप्प बसेना. “काका, असं होत नसतं,” म्हणाला. “गेममधली पात्रं आपण होऊन बोलत नाहीत. कोणीतरी लिहिलेलं असतं. कोणती दोन पात्रं बरोबर असली की कोणतं बोलणं सुरू व्हायचं, ते प्रत्येक जोडीसाठी वेगळं लिहावं लागतं. २००७च्या पहिल्या मास इफेक्टमध्ये सोबती लिफ्टमध्ये गप्पा मारायचे, ते यासाठी की तेवढ्या वेळात मागे पुढची पातळी लोड व्हावी.”

मी कागदावर हिशोब केला. नऊ पात्रं असली तर ३६ जोड्या. पंचवीस असली तर ३००. म्हणून बिचारे लेखक बहुतेकांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. मला एकदम त्या लिफ्टची कणव आली. माणसं बोलावीत यासाठी कुठेतरी काहीतरी अडलं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. काशीत लिफ्टची गरज नाही, बैल आहे. तो गल्लीत आडवा झाला की दोन्हीकडचे लोक थांबतात, एकमेकांना ‘कुठले?’ विचारतात, आणि तो उठेपर्यंत एकाच्या मुलीसाठी दुसऱ्याच्या भाच्याचं स्थळ निघालेलं असतं. ही गल्ली लोड व्हायला चारशे वर्षं लागली असतील, पण तोवर कोणी गप्प बसलं नाही.

नऊवरून आठवलं. २०१७च्या ‘होरायझन झीरो डॉन’मध्ये गाया नावाची मोठी यंत्रबुद्धी उजाड पृथ्वीवर जीवसृष्टी पुन्हा उभी करते आणि तिच्या हाताखाली नऊ खाती आहेत, ग्रीक-रोमन देवांच्या नावांची. मामीने बोटं मोजली आणि म्हणाली, “नवग्रह.” त्यातलं हेडीस हे खातं असं, की बनवलेली सृष्टी बिघडली तर तिचा संहार करून पाटी कोरी करायची. गेममध्ये हाच खलनायक. काशीत हेडीस खलनायक कसा होणार? तो मणिकर्णिकेवर येऊन उभा राहिला तर फार तर विचारतील, लाकडं किती मण? संहार हे इथे खातं आहे, त्याचा मुख्य अधिकारी गावचा मालक आहे आणि ते खातं चोवीस तास चालू असतं. नव्या माणसाची भरती नाही.

कॉर्टानाचं मला वाईट वाटतं. ‘हेलो’मधली ही सगळ्यांत मनमिळाऊ. तिच्या जातीच्या यंत्रबुद्धीला आयुष्य सात वर्षांचं. नंतर विचारांवर विचार साचत जातात आणि ती आपल्याच विचारांत गुदमरते. हे ऐकून मामी गप्प झाली. मग म्हणाली, “सात वर्षं पुष्कळ झाली. इथे मुक्तिभवनात मरायला आलेल्यांना खोली पंधरा दिवसांसाठी देतात.” मामी हे थट्टेने म्हणाली नाही. तिच्या सासूच्या वेळची माणसं शेवटाला काशीत येऊन राहायची आणि विचार साचू नयेत म्हणून रोज कोणाचं तरी पुराण ऐकायला बसायची.

गिल्टी स्पार्कसाठी मी पंडाजींचं घर निवडलं. तो नियमांचा माणूस. गोड बोलतो, गुणगुणतो, आणि नियमात लिहिलंय म्हणून आकाशगंगेतली सगळी विचार करणारी जीवसृष्टी नाहीशी करायला निघतो. माझ्या ओळखीच्या दोन-तीन कचेऱ्यांत याची सख्खी भावंडं आहेत, नावं कशाला घ्या. तो पंडाजींना सांगतो, माझ्याकडे एक लाख वर्षांच्या नोंदी आहेत. पंडाजी लाल कापडात बांधलेली वही सोडतात. “गाव?” “कडं क्रमांक चार.” “आजोबांचं नाव?” स्पार्क थबकतो. “गोत्र?” तो जास्तच थबकतो. पंडाजी अशा प्रसंगाला सरावलेले असतात. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. वहीत नोंद होते: स्पार्क, काश्यपगोत्री, वास्तव्य कडं क्र. ४, एकटाच आला, दक्षिणा बाकी. एक लाख वर्षांत त्याचं नाव दुसऱ्या कोणी लिहून ठेवलं नव्हतं. तो वहीभोवती दोन प्रदक्षिणा घालतो, आणि नियमावली त्याच्या लक्षातून साफ जाते.

ग्लॅडोस आणि ड्युरंडाल या दोघांना मी मामीकडेच उतरवलं.

ग्लॅडोसला म्हटलं, घे चाचणी. तिने मामीला शंभर खोल्यांचं कोडं घातलं. मामीने चार मजल्यांचा वाडा पन्नास वर्षं चालवलाय. कोणती खोली कोणत्या जावेला द्यायची हे कोडं तिने जावा हयात असताना सोडवलेलं आहे. मग ग्लॅडोसने टोमणे काढले. वजनावरून बोलली, अनाथपणावरून बोलली. मामी शांत. “चांगलं बोलते,” म्हणाली, “पण जरा उघड बोलते. आमच्या मोठ्या नणंदबाई ‘ये ये, बस’ एवढंच म्हणायच्या आणि माणूस रडत उठायचं.” शेवटी ग्लॅडोसने आमिष दाखवलं. केक कोण खाणार म्हणून ती म्हणाली, मलइयो देईन. तिथे ती पकडली गेली. मलइयो म्हणजे थंडीत रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस. पहाटे कुल्हडात मिळतो आणि उन्हं चढली की विरतो. आणि ग्लॅडोस हे बोलली मे महिन्यात, दुपारी एक वाजता. “लबाड,” मामी म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली.

ड्युरंडाल पुन्हा १९९४चाच, ‘मॅरेथॉन’ या गेममधला. मोठ्या वसाहती जहाजावर त्याच्याकडे काम होतं दारं उघडायचं आणि मिटायचं. एवढ्या अफाट बुद्धीला एवढंच. तो आधी उदास झाला, मग चिडला, मग त्याला हेवा वाटू लागला. त्या गेममध्ये यंत्रबुद्धीच्या वेडाच्या याच तीन पायऱ्या सांगितल्यात. मामीला त्याचं नाव काही केल्या जमेना. तिने त्याचं धुरंधर केलं. आणि त्याचं दुःख तिला कळेचना. दारं सांभाळणं हे हलकं काम? पहाटे चारला गंगेवर जाणारे उठतात, दिंडी उघडायची. पाचला दूधवाला. सहाला पेपर, पण पेपरवाल्यामागून बैल मान घालतो, तेव्हा अर्धीच उघडायची. नऊला सोवळ्यात असलेल्याला दार लागता कामा नये. दुपारी झोपमोड न करता कडी काढायची. उधारीवाला आला तर दार उघडायचं नाही, पण घरात कोणी नाही असंही वाटू द्यायचं नाही. आणि गच्चीचं दार कधी म्हणजे कधी सताड टाकायचं नाही, माकडं शिरतात. “हे सगळं ज्याला जमेल,” मामी म्हणाली, “त्याला मी घराच्या किल्ल्या देईन. उदास व्हायला वेळ मिळाला तर मला सांग म्हणावं.”

त्या रात्री पुतण्या शोडानशी शेवटची झुंज देत होता. ती अगदी रंगात येऊन धमकावत होती, आणि वीज गेली. आमच्याकडच्या इन्व्हर्टरवर एक दिवा आणि एक पंखा चालतो, लॅपटॉप नाही, आणि लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलेली. शोडान अर्ध्या शब्दात गप्प झाली.

“सेव्ह केलं होतंस?” मी विचारलं.

“नाही.” तो काळ्या पडद्याकडे बघत होता. “आता तिला सगळं पहिल्यापासून बोलावं लागणार.”

उकडत होतं म्हणून आम्ही दोघं गच्चीवर जाऊन बसलो. खाली पंचगंगेकडे दोन-चार दिवे, नदी काळी, पलीकडचा वाळूचा काठ त्याहून काळा. वाऱ्यावर डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती उजाडताना, मामीच्या हाकेने. ती खालून जिन्यात उभी राहून पुतण्याला ओरडत होती, “धुरंधर! दार लोटून घे म्हटलं होतं ना!”

गच्चीचं दार सताड उघडं होतं. जिन्यातली बटाट्यांची परडी आडवी पडलेली. कठड्यावर एक मोठी माकडीण बसली होती आणि तिच्या हातात एक चांगला थोरला बटाटा होता. ‘पोर्टल’च्या दुसऱ्या भागात ग्लॅडोसची सगळी बुद्धी काढून एका बटाट्यात बसवतात, आणि १.१ व्होल्टवर ती बापडी टोमणे मारत राहते, हे मला पुतण्यानेच सांगितलेलं.

माकडिणीने बटाटा उलटसुलट करून पाहिला, कानाशी नेला, हुंगला आणि कचकन चावा घेतला.

“काका,” पुतण्या हळूच म्हणाला, “गेली.”

“काय गेलं?” मामी वर येत म्हणाली. “आणि हसताय काय दोघं? भाजीला काय घालू आता?”